चामड्याचे सोंग

१९९४ सालच्या जानेवारीतील गोष्ट आहे. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील नेर या आमच्या गावी शाळेचे स्नेहसंमेलन होते आणि मी नववीत होतो. 'शहेनशाह' हा चित्रपट १९८८ साली येऊन गेला होता, पण व्हिडिओच्या कृपेने आमच्यासाठी तो अजून ताजाच होता. त्यातील अमिताभ बच्चनचे काळे चामडी जाकीट आणि त्याच्या एका बाहीवरची पोलादी कड्यांची जाळी आम्हां मुलांच्या डोक्यात बसली होती. नाच माझ्या मित्राने करायचा होता. जाकीट तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

खरे चामडी जाकीट आमच्यापैकी कोणी कधी हातात धरले नव्हते. घरात जे होते त्यातूनच ते करायचे होते. वडिलांचा एक जुना कोट मिळाला. शेतात झाकायला आणलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाचा एक तुकडा उरला होता. सोडावॉटरच्या दुकानातून बाटल्यांची शे-दीडशे बुचे आणली, ती दगडाने चपटी केली, खिळ्याने भोके पाडून तारेत ओवली आणि बाहीची जाळी झाली. एका बुचाचे वजन सुमारे २ ग्रॅम. म्हणजे सगळी बाही ३०० ग्रॅमच्या आत बसली. पूर्वीच्या योद्ध्यांचे खरे कड्यांचे चिलखत १० किलोच्या घरात जाई.

पहिली अडचण प्लॅस्टिक चिकटवण्याची आली. आजीने चिंचोके भाजून, दळून त्यांची खळ शिजवून दिली होती. त्या खळीने कोटावर चांदीचा कागद घट्ट बसला. काळे प्लॅस्टिक मात्र वाळल्यावर सालीसारखे सुटून आले. आजी म्हणाली, "हे नाई चिटकत बाप्पा. याले पाणीच धरत नाई." आजीचे निदान अचूक होते. चिंचोक्यातील बहुशर्करा आणि कापसातील सेल्युलोज या दोन्हींच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल गट असतात. ते एकमेकांना आणि पाण्यालाही धरतात. पॉलिथीनच्या रेणूवर असे काहीच नसते. शेवटी आईने दाभण घेऊन प्लॅस्टिक कोटावर शिवून टाकले.

संमेलनाच्या रात्री दोन हॅलोजन दिव्यांच्या उजेडात ते जाकीट असे चमकले, की मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. मित्र छाती भरदार दिसावी म्हणून आतून स्वेटर घालून आला होता. तो पाच-सहा मिनिटे जोरात नाचला आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर रंगमंचावरच कोसळला. शिक्षकांनी जाकीट फाडून काढले, तेव्हा स्वेटर पिळून काढण्याइतका ओला होता. पाणी मारल्यावर, वारा घातल्यावर तो उठून बसला. बाहेर थंडी होती, लोक शाली पांघरून बसले होते आणि हा मुलगा उष्म्याने पडला होता. याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी नीट समजले. ते समजून घेताना चामड्याच्या नकलेचा जो इतिहास हाती लागला, तो आमच्याच जिल्ह्याच्या पिकांपाशी येऊन पोहोचतो, म्हणून येथे सांगत आहे.

आधी खऱ्या चामड्याविषयी. कातडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण. कच्चे कातडे सडते. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतील टॅनिन त्या तंतूंना बांधून ठेवते आणि कातडे टिकाऊ होते. यालाच कातडी कमावणे म्हणतात. कमावलेल्या चामड्यातील तंतूंमधल्या फटी शाबूत राहतात. त्यांतून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते आणि काही ओलावा तंतू स्वतःतही साठवतात. हे अवघड रसायनशास्त्र आपल्या गावांत शेकडो वर्षे चालत होते. ज्यांच्या हातांत ते होते त्यांना आपण वेशीबाहेर ठेवले आणि त्यांच्या ज्ञानाला शाळेच्या पुस्तकात जागा दिली नाही. आमच्या वर्गात चामडे कसे बनते हे कोणालाच सांगता आले नसते. नक्कल केवळ दिसण्याची झाली, याचे एक कारण हेही आहे.

चामडे महाग, तेव्हा त्याची सोंगेही जुनी आहेत. एक जुने सोंग जवसाच्या तेलाचे. विदर्भातील शेतकऱ्याला जवस सांगायला नको. या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध पुष्कळ असतात. ते हवेतील ऑक्सिजन घेतात, एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा चिवट पापुद्रा होतो. कापडावर या तेलाचे थर देऊन, त्यात काजळी घालून युरोपात मेणकापडासारखे कापड करीत. फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात जवसाच्या याच गुणावर लिनोलियम ही जमिनीवर अंथरण्याची वस्तू तयार केली. या रीतीत एक धोका आहे. ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते. तेलात भिजलेले बोळे चुरगळून ढीग करून ठेवले, तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता बोळे पेट घेऊ शकतात. शाळेत कोणी हा प्रयोग केला, तर बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

दुसरे सोंग कापसाचे. १८४६ साली बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणाची क्रिया घडवून नायट्रोसेल्युलोज तयार केले. ते दिसते कापसासारखेच, पण काडी लावताच क्षणात भडकते. त्यात नायट्रोजनचे प्रमाण सुमारे १३ टक्के असले तर ते स्फोटक, म्हणून त्याला गनकॉटन म्हणतात. प्रमाण थोडे कमी ठेवले, तर ते योग्य द्रावकात विरघळते आणि द्रावक उडून गेल्यावर पारदर्शक पापुद्रा मागे राहतो. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड केले. १८८९ साली ईस्टमनच्या कंपनीने त्याचीच पारदर्शक फिल्म बाजारात आणली. चित्रपटाचा पडदा त्या फिल्मवर उभा राहिला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच नायट्रोसेल्युलोज कापडावर चोपडून, त्यावर तापलेल्या रुळाने कातड्याच्या सुरकुत्या उमटवून कृत्रिम चामडे होऊ लागले. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ हाइड येथे तयार होणाऱ्या अशा कापडाचे व्यापारी नाव होते 'रेक्झिन'. अमेरिकेत 'फॅब्रिकॉइड' नावाचे असेच कापड होते आणि ती कंपनी १९१० साली ड्युपाँटने विकत घेतली. पुस्तकांच्या बांधण्या आणि मोटारींच्या बैठका यांत ते सर्रास वापरले गेले. म्हणजे पडद्यावर नायक जे दाखवतो ती फिल्म आणि प्रेक्षक ज्या नकली चामड्याच्या बैठकीवरून घरी जातो ती बैठक, ही दोन्ही एकाच वेळी कापसाची रूपे होती. सरकीवर उरणारी आखूड लव या उद्योगांचा कच्चा माल. आमच्या जिल्ह्यात ज्या पिकाच्या भावावर घरातील लग्ने ठरतात, त्याचा हा दूरचा नातलग.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तो अशाच नायट्रेट फिल्मवर. तो चित्रपटही एका अर्थी घरातल्या साहित्यावरच उभा राहिला. सरस्वतीबाईंचे दागिने भांडवलात गेले. त्याच साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे कामही करीत. तारामती झाले होते अण्णा साळुंके. त्या काळच्या फिल्मला निळा प्रकाश चांगला दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडे वस्त्र पडद्यावर काळे उमटे आणि फिकट निळे पांढरे होई. पोशाख डोळ्याला कसा दिसतो यापेक्षा फिल्मला कसा दिसतो हे पाहावे लागे. नकलेचा पहिला नियम येथे दिसतो. पाहणाऱ्याला जे जाणवते तेवढे राखायचे, बाकीचे सोडून द्यायचे.

सोडून दिलेले मात्र कधीतरी परत येते. नायट्रोसेल्युलोजला जळण्यासाठी बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही, तो त्याच्या रेणूतच असतो. म्हणून पेटलेली फिल्म पाण्याखालीही जळत राहते. जुनी होताना ती स्वतःच विघटित होते. १९५० च्या सुमारास ही फिल्म मागे पडली आणि ॲसिटेटची सुरक्षित फिल्म आली, तरी साठवलेली रिळे राहिली होती. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची कितीतरी नायट्रेट रिळे जळून गेली. आपले बहुसंख्य मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, त्याच्या अनेक कारणांपैकी हा पदार्थ एक आहे.

कृत्रिम चामड्यातही नायट्रोसेल्युलोजची जागा दुसऱ्या पदार्थाने घेतली. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन याने पीव्हीसी या कडक बहुवारिकात तेलासारखे द्रव मिसळून ते मऊ केले. कापडावर त्याचा थर दिला, की स्वस्त, धुता येणारे, सहजी न पेटणारे 'चामडे' तयार. आपण आजही स्कूटरच्या बैठकीला, दप्तराला रेक्झिनच म्हणतो. नाव जुनेच राहिले, आतला पदार्थ बदलला.

पण हे सारे थर चामड्याचे रूप घेतात आणि चामड्याच्या फटी बुजवतात. आमच्या मित्राचे जाकीट येथेच फसले. हिशेब करून पाहू. जोराने नाचणारे शरीर दर सेकंदाला सुमारे ४८० जूल उष्णता निर्माण करते असे धरू. १ ग्रॅम घाम त्वचेवर वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. सगळी उष्णता घामानेच घालवायची, तर दर सेकंदाला ०.२ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला १२ ग्रॅम घाम वाळायला हवा. तासाला ते पाऊण लिटरच्या जवळ जाते. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. प्लॅस्टिकच्या आत हवा क्षणात वाफेने संपृक्त होते, मग घाम ओघळतो पण वाळत नाही, आणि शरीर तापत जाते. बाहेरची थंडी जाड स्वेटरपलीकडेच राहते.

चामड्याचा हा श्वासही नकलेत आणावा असा मोठा प्रयत्न ड्युपाँटने केला. सूक्ष्म छिद्रे असलेले त्यांचे 'कॉर्फाम' १९६४ साली बुटांसाठी बाजारात आले. त्यातून वाफ जाई, ते चमकेही. पण चामडे पायाप्रमाणे हळूहळू सैल होऊन आकार घेते, तसे ते घेत नसे, आणि पीव्हीसी त्याहून फार स्वस्त होते. १९७१ साली कंपनीने ते बंद केले. बुडालेली रक्कम सुमारे १० कोटी डॉलर होती. १९६९ साली बॉब गोअर याने टेफ्लॉन ताणून त्याचे सच्छिद्र पटल केले. त्याची छिद्रे वाफेच्या रेणूला मोठी आणि पाण्याच्या थेंबाला लहान पडतात. पर्वतारोहकांची जाकिटे त्यातून झाली.

ही सगळी माहिती गोळा करताना मला ती मित्राच्या नाचाची गंमत वाटत होती. २०१७ साली तसे वाटेनासे झाले. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, अंगावर सुती सदरा आणि तोही भिजलेला. संरक्षक कपडे का घातले नाहीत, असे तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले. मी गावी गेलो तेव्हा त्या मित्राला तेच विचारले. तो आता कपाशीच करतो. त्याने एका वाक्यात उत्तर दिले. "ते घातलं तं जीव जाते, नाई घातलं तं औषध लागते."

प्लॅस्टिकचा संरक्षक पोशाख म्हणजे आमचे तेच जाकीट आहे. २० लिटरचा पंप पाठीवर घेऊन ऑक्टोबरच्या उन्हात तो घालून फिरणारा माणूस पाच मिनिटांत नाही, तरी अर्ध्या-पाऊण तासात त्याच मार्गाने जाईल. माणूस बेफिकीर आहे असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो कापडाचा प्रश्न आहे. थेंब आत येऊ नये आणि वाफ बाहेर जावी, एवढेही येथे पुरत नाही, कारण कीटकनाशक नुसते पाणी नसते. बंगळूर येथील 'इन्स्टेम' या संशोधन संस्थेने यावर वेगळा मार्ग काढला. त्यांनी सुती कापडाच्या सेल्युलोजला असे रासायनिक गट जोडले, की ऑर्गॅनोफॉस्फेटसारखी कीटकनाशके कापडाला लागताच त्यांच्या रेणूंचे विघटन होते. विषाला भिंतीने अडवण्याऐवजी धाग्यावरच निकामी करायचे आणि कापडाला श्वास घेऊ द्यायचा. 'किसान कवच' नावाने असा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. त्याची किंमत ४,००० रुपये सांगण्यात आली. रोजाने फवारणी करणाऱ्या मजुराला ती परवडेल का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो रसायनशास्त्राने सुटणारा नाही. पण सेल्युलोजच्या ज्या हायड्रॉक्सिल गटांना आजीची खळ धरत होती आणि शोनबाइनचे आम्ल लागले होते, तेच गट येथेही कामी आले आहेत.

हा विषय वर्गात घ्यायचा तर एक सोपा प्रयोग सुचवतो. सारख्या आकाराच्या चार वाट्यांत सारखेच पाणी घ्या. तीन वाट्यांच्या तोंडांवर सुती कापड, जुन्या चपलेचे खरे चामडे आणि रेक्झिन रबरबँडने ताणून बसवा. चौथी उघडी ठेवा. सोनाराच्या किंवा किराणा दुकानातील बारीक काट्यावर चारही वाट्या तोला आणि दोन-तीन दिवस रोज त्याच वेळी पुन्हा तोला. किती ग्रॅम पाणी गेले याचा आलेख मुलांना काढू द्या. मग विचारा, यांपैकी कोणते कापड घालून तुम्ही नाचाल आणि कोणते घालून फवाराल.

संमेलनासाठी जाकीट करायचे असेल, तर जरूर करा. काळ्या रंगात बुडवलेले जाड सुती कापड घ्या, पाठ आणि बगला मोकळ्या ठेवा. दिव्यांखाली चमक थोडी कमी पडेल. मुलगा गाणे संपेपर्यंत उभा राहील.