पडद्याआडची तालीम

कोराडीहून नागपूरला नाटक किंवा गाणं ऐकायला जायचं म्हणजे बहुतेक वेळा सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. आपल्यातल्या कितीतरी जणांना वसंतराव देशपांडे हे नाव आधी सभागृहाचं म्हणून कळलं आणि मग गायकाचं म्हणून. स्मरणिकेसाठी काय लिहू असं विचारलं तेव्हा संपादक मंडळाने सांगितलं, "आठवणी भरपूर आल्यात, तू काहीतरी वेगळं दे." म्हणून हा लेख. विषय आहे शास्त्रीय संगीतातून कथा कशी निघते, आणि त्यासाठी मी निवडलेलं उदाहरण आपल्या नागपूरचंच आहे.

गाणं ऐकून लेखकाला काहीतरी सुचतं, हे आपण सहज बोलतो. मारवा ऐकला, मन उदास झालं आणि उदास कथा लिहिली, असा काहीसा समज असतो. मला हे पटत नाही. संगीत लेखकाला भाव देतं हे खरं, पण नुसत्या भावावर कथा उभी राहत नाही. कथेला पेच लागतो, आणि माझं म्हणणं असं की चांगल्या उदाहरणांत तो पेचही संगीतातूनच आलेला असतो.

जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण टॉलस्टॉयचं. बीथोव्हेनने 1803 मध्ये व्हायोलिन आणि पियानोसाठी एक सोनाटा लिहिला. पुढे तो क्रॉइट्झर या वादकाला अर्पण केला, म्हणून तो 'क्रॉइट्झर सोनाटा'. त्याच नावाची दीर्घकथा टॉलस्टॉयने 1889 मध्ये पूर्ण केली. कथेतली बायको पियानो वाजवते, तिच्याबरोबर एक परका माणूस व्हायोलिन वाजवतो आणि नवरा समोर बसून ऐकतो. ती दोन वाद्यं एकमेकांशी ज्या भाषेत बोलताहेत तिथे आपल्याला प्रवेश नाही, हे त्याच्या लक्षात येतं. तिथून संशय, आणि संशयातून खून. सोनाटा कथेत थोडाच वेळ वाजतो, पण दोन वाद्यांचा संवाद आणि बाहेर राहिलेला तिसरा हा पेच मुळात त्या संगीताच्या रचनेतच आहे. नंतर 1923 मध्ये यानाचेक या चेक संगीतकाराने या कथेवरून चार तंतुवाद्यांसाठी रचना केली. म्हणजे संगीतातून कथा, आणि कथेतून पुन्हा संगीत.

आता आपल्याकडे येऊ. पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. रंजन कला मंदिर ही त्यांची संस्था. सगळे त्यांना 'मास्तर' म्हणत, हे आपल्या सर आणि बाईंना आवडेल. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' 24 डिसेंबर 1967 रोजी 'नाट्यसंपदा'ने रंगमंचावर आणलं. हे नाटक आहे, कथा नव्हे, अशी हरकत आपल्या मराठीच्या बाई घेतीलच. मान्य. पण मी बोलते आहे ते त्यातल्या गोष्टीबद्दल.

गोष्ट थोडक्यात अशी. एका संस्थानात राजगायकाच्या पदासाठी दोन घराणी समोरासमोर, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन. खाँसाहेब राजगायक होतात. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्याबरोबर एक खून माफ. पंडितजींकडे शिकायचं म्हणून आलेल्या सदाशिवला गुरूच सापडत नाही. खाँसाहेब त्याला शिकवणार नाहीत. मग तो चोरून ऐकत त्यांची गायकी कानांत साठवत जातो.

चोरून ऐकणं. हा पेच मास्तरांनी हवेतून आणलेला नाही. आपल्या घराण्यांच्या इतिहासातच तो आहे.

ग्वाल्हेरची एक जुनी कथा गाणाऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँ हे तानेसाठी नावाजलेले गायक होते. ती तान दुसऱ्या कोणाला मिळावी अशी त्यांची इच्छा नव्हती. महाराजांनी हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या तरुण भावांना पडद्याआड बसवलं. खाँसाहेब गात राहिले आणि हे दोघे ऐकत राहिले, एक-दोन दिवस नव्हे, कित्येक महिने. मग एका दिवशी भर दरबारात दोघे त्याच गायकीत गायले. बडे मोहम्मद खाँ काय समजायचं ते समजले. पुढे त्यांनी हस्सू खाँला 'कडक बिजली' नावाची जीवघेणी तान गायला लावली आणि त्या तानेने हस्सू खाँचा घात केला, असं सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. पण गाभा तोच राहतो : विद्या ऐकून चोरता येते, आणि चोरीची किंमत गळ्यानेच चुकवावी लागते. मास्तरांच्या मनात ही कथा होती की नव्हती, त्यावर माझा दावा नाही. 'कट्यार'शेजारी ती ठेवून बघा, एवढंच म्हणते.

गायकी लिहून ठेवता येत नव्हती, म्हणून ती माणसाच्या गळ्यातच राहायची. माझ्या धंद्यात याला समांतर गोष्ट आहे. एखाद्या प्रणालीचं सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात असतं. तो काही लिहून ठेवत नाही, कारण तीच त्याची नोकरीची हमी असते. उस्तादांना सरसकट कंजूष म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्याकडे ना जमीन होती ना पेन्शन, चीज हीच इस्टेट. मुलाला द्यायची ती शिष्याला का द्यावी, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

या कुलपाला महाराष्ट्रात हळूहळू किल्ल्या सापडत गेल्या. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. बंदिश कागदावर आली. गायकी मात्र आली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड मिळाला, पण तो चालवणारं यंत्र गळ्यातच राहिलं. दुसरा मार्ग भास्करबुवा बखल्यांचा. ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तीन घराण्यांच्या उस्तादांपुढे ते शागीर्द म्हणून बसले. एका माणसाला तीन दारं उघडणं ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती. आणि मग याच भास्करबुवांनी 1916 मध्ये 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. दारं लावून शिकवल्या जाणाऱ्या बंदिशींचे सूर आता तिकीट काढून कोणालाही ऐकता येऊ लागले. मराठी संगीत नाटकाने केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं. पिटातला प्रेक्षक, एका अर्थाने, पडद्याआड बसलेला हद्दू खाँच होता.

'कट्यार' या परंपरेत येतं आणि तिच्यावरच गोष्ट सांगतं. पदं मास्तरांची, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. त्यातली सगळ्यात हुशार जागा म्हणजे मकरंदाच्या छंदात रमलेल्या भुंग्याचं पद. शब्द तेच ठेवून अभिषेकीबुवांनी दोन वेगवेगळ्या चाली बांधल्या, एक पंडितजींच्या परंपरेची आणि एक खाँसाहेबांच्या गायकीची. पहिली सावकाश उलगडणारी, दुसरी आक्रमक, तानांच्या लोटाची. पानभर संवाद लिहून जो फरक सांगता आला नसता, तो ज्याला राग-ताल काही कळत नाही त्या माणसालाही पाच मिनिटांत कळतो. संगीतातून कथा निघते म्हणतात ती इथे. त्या दोन चाली काढून टाका, आणि उरेल ती फक्त राजवाड्यातली एक वैराची गोष्ट. तशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आणि खाँसाहेब झाले वसंतराव. जन्म 1920 चा, मूर्तिजापूरचा. बालपण आईबरोबर नागपुरात. इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे पहिली तालीम. मग लाहोरला असद अली खाँ, पुढे किराण्याचे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा कायमचा ठसा. पोटासाठी लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं कारकुनी. एका घराण्याची पाटी नाही म्हणून मैफलींच्या जगाने त्यांना बराच काळ बाजूलाच ठेवलं. खाँसाहेबांची भूमिका मिळाली तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. यातली गंमत बघा : आपली गायकी कोणालाच न देणाऱ्या, घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या उस्तादाचं काम केलं ते दारोदार जाऊन शिकलेल्या माणसाने. खरं म्हणजे आयुष्याने ते सदाशिव. म्हणूनच त्यांचा खाँसाहेब नुसता खलनायक होत नाही. जे मिळवायला इतकं सोसावं लागलं ते फुकट का वाटावं, हा त्याचा राग आपल्याला आतून पटतो. प्रसाद सावकारांचा सदाशिव, फैयाझ यांची झरीना, प्रभाकर पणशीकरांचे कविराज ही सगळी मंडळी तोलामोलाची होती, पण नाटक लोकांच्या कानात राहिलं ते वसंतरावांच्या आवाजात.

2015 मध्ये सुबोध भावे यांनी यावर चित्रपट केला. आपल्या ग्रुपवर तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. खाँसाहेबांसाठी गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि सदाशिवसाठी अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे, ज्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे पडद्यावर भिडत होती ती नाटकाच्या मूळ गायकाची आणि मूळ संगीतकाराची पुढची पिढी. गाणी मला अतिशय आवडली. एक गोष्ट मात्र खटकली. चित्रपटात पंडितजींचा गळा जातो तो शेंदूर खाऊ घातल्यामुळे. सुरांच्या भांडणाला शेंदराची मदत कशाला? दोन गायकींमध्येच पुरेसं विष आणि पुरेसं अमृत होतं. यावर माझं आणि मागच्या बाकावरच्या दोघांचं तेव्हा जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

तर स्नेहमेळाव्याच्या संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, त्या पदाच्या दोन्ही चाली लागोपाठ लावायचं मी ठरवलं आहे. आधी सावकारांची, मग वसंतरावांची, दोन्ही जुन्या ध्वनिमुद्रणातल्या. स्पीकर आणते आहे. कोणती चाल कोणाची हे आधी सांगणार नाही. सरांनी आणि बाईंनी पुढच्या खुर्च्यांवर बसावं, बाकीच्यांनी गप्पा जरा बाहेर व्हरांड्यात माराव्यात. तिथूनही ऐकू येईल.