मुलामुलींच्या छातीतील गाठ : घाबरू नका, लपवू नका, घाईने कापूही नका

बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या छातीला गाठ लागली की घरात दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मुलगी लाजेने कुणालाच सांगत नाही, नाहीतर आईला सांगते आणि आई थेट कॅन्सरच्या भीतीने रात्रभर जागते. खरे तर वीस वर्षांच्या आत स्तनाचा कॅन्सर होणे अत्यंत दुर्मीळ आहे. या वयातल्या बहुतेक गाठी एकतर शरीराच्या वाढीचा भाग असतात, नाहीतर निरुपद्रवी असतात.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो वयात येतानाच्या गाठीबद्दल. साधारण 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान मुलीच्या स्तनाग्राच्या बरोबर खाली चकतीसारखा कडक गोळा हाताला लागतो. कपडा घासला तरी दुखतो. अनेकदा तो आधी एकाच बाजूला येतो आणि दुसरी बाजू काही महिने सपाटच राहते, म्हणून आईला तो रोग वाटतो. ही गाठ नसून स्तनाच्या वाढीची सुरुवात आहे. पुढे होणारा संपूर्ण स्तन याच इवल्याशा गोळ्यातून तयार होतो. त्यामुळे तो कापून काढला तर त्या बाजूचा स्तन नीट वाढत नाही, किंवा अजिबात वाढत नाही, आणि हे नुकसान आयुष्यभराचे असते. म्हणून या वयात कुणी "छोटीशी गाठ आहे, काढून टाकू" म्हणाले, तर आधी बालरोगतज्ज्ञांचे मत घ्यावेच. हाच बदल 8 वर्षांच्या आधी दिसला तर मात्र थांबू नये, कारण मुलगी लवकर वयात येत आहे का हे तपासावे लागते.

पाळी सुरू झालेल्या मोठ्या मुलींमध्ये सर्वाधिक आढळते ती फायब्रोॲडिनोमा. रबरासारखी, गुळगुळीत, बोटाखालून सटकणारी आणि सहसा न दुखणारी. आकार बहुतेक वेळा 2 ते 3 सेंटीमीटर. ती सोनोग्राफीत ओळखता येते. मॅमोग्राफीचा या वयात फारसा उपयोग नसतो, कारण कोवळ्या वयातला स्तन घट्ट असतो आणि त्या चित्रात गाठ नीट दिसत नाही. डॉक्टर बहुधा काही महिने लक्ष ठेवायला सांगतात. कित्येक गाठी तेवढ्याच राहतात किंवा लहान होतात. 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली किंवा भराभर वाढू लागली तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

"ऑपरेशनचा व्रण राहिला तर लग्न कसे जमणार?" हा प्रश्न आपल्या वस्त्यांतही विचारला जातो. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले होते. लग्नाच्या धास्तीने मुलीचा आजार लपवणारे घर त्या भाषणापासून फार दूर आहे, असे मला वाटते.

मुलांबद्दल तर कुणी बोलतच नाही. वयात येताना जवळपास निम्म्या मुलांच्या स्तनाग्राखाली अशीच दुखरी गाठ येते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप जाते. तोवर शर्ट काढायचा, पोहायचा प्रसंग मुलगा टाळत राहतो. त्याला एवढे सांगितले तरी पुरे की हे बाईपण नाही, हार्मोन्सचा तात्पुरता असमतोल आहे. जिममध्ये कुणी दिलेली स्टेरॉइड्स घेत असेल तर तेही विचारावे.

नवजात बाळाची छातीही कधी कधी सुजलेली असते, मग ते मुलगा असो वा मुलगी. आईच्या हार्मोन्समुळे ती सुजते, थोडे दूधही येते आणि काही आठवड्यांत सूज उतरते. अंघोळ घालताना ती पिळण्याची पद्धत मात्र घातक आहे. त्यातून जंतुसंसर्ग होऊन पू होतो.

गाठ दगडासारखी कडक किंवा खाली चिकटलेली असणे, वेगाने वाढणे, कातडी ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, काखेत गाठी येणे, किंवा पूर्वी छातीला रेडिएशन दिलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. लाली, उष्णता आणि ताप असेल तर तो बहुधा संसर्ग असतो. त्यालाही त्याच दिवशी दाखवावे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात. आशाताईंना विचारले तर जवळचे केंद्र कळते. विहारातल्या महिला मंडळाने वर्षावासात एक रविवार या विषयासाठी काढायला काहीच हरकत नाही. तपासणीच्या वेळी मुलीला आधी विचारावे, आई किंवा परिचारिका सोबत असावी, आणि महिला डॉक्टर हव्यात असे मोकळेपणाने सांगावे. आधी सोनोग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट जरूर न्यावा, कारण गाठ वाढली की तशीच आहे हे दोन मापे शेजारी ठेवल्यावरच कळते.