भांडारकर, रामकृष्ण गोपाळ

(६ जुलै १८३७–२४ ऑगस्ट १९२५). संस्कृत पंडित, प्राच्यविद्या संशोधक व धर्मसुधारक. जन्म मालवण (जि. सिंधुदुर्ग) येथे. वडील महसूल खात्यात कारकून. शिक्षण रत्नागिरी व मुंबई येथे. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांच्या तुकडीतून ते बाहेर पडले. हैदराबाद (सिंध) व रत्नागिरी येथे मुख्याध्यापकी केल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. परंतु तेथील कायम प्राध्यापकपद ब्रिटनहून आलेल्या पीटर्सन यांना मिळाले. १८८२ मध्ये किलहॉर्न या जर्मन पंडितानंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले व १८९३ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

त्यांच्या विद्वत्तेचा कस पाहायचा तर वैयाकरण पतंजलीच्या काळाचा वाद पाहावा. बर्लिनचे संस्कृत पंडित वेबर पतंजलीला बरेच अलीकडे ओढत होते. भांडारकरांनी पतंजलीच्या महाभाष्यातील व्याकरणाची उदाहरणेच पुराव्याला घेतली. सुरू असलेल्या, अद्याप न संपलेल्या क्रियेसाठी वर्तमानकाळ योजावा, हे सांगताना पतंजली शुंग राजा पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण देतो. वक्त्याने स्वतः पाहिली नाही, पण पाहू शकला असता अशा घटनेसाठी यवनांनी (ग्रीकांनी) साकेताला घातलेल्या वेढ्याचे. म्हणजे पुष्यमित्र आणि हा वेढा दोन्ही त्याच्याच हयातीतले. पुष्यमित्राचा काळ ज्ञात असल्याने यावरून पतंजलीचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकाचा मध्य ठरतो. वेबर यांच्यासारख्या मातब्बर पंडितापुढे न दबता, आणि स्वदेशाचे प्राचीनत्व वाढवण्याच्या मोहातही न पडता केलेला हा युक्तिवाद आजही वाचनीय आहे.

जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये त्यांना सन्माननीय पीएच.डी. दिली, पुढच्या वर्षी ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला गेले. दख्खनचा प्राचीन इतिहास (१८८४) आणि वैष्णव, शैव व इतर पंथांवरील ग्रंथ (१९१३) हे त्यांचे प्रमुख इंग्रजी लेखन. त्यांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. मुंबई इलाख्यातील हस्तलिखितांचा शोध घेऊन लिहिलेले त्यांचे अहवाल अभ्यासकांना अजूनही उपयोगी पडतात.

ते प्रार्थना समाजाचे अग्रणी होते. विधवा मुलीचा पुनर्विवाह घडवून आणताना त्यांनी लोकनिंदेची पर्वा केली नाही. त्यांचे हे धैर्य विद्वत्तेइतकेच मोलाचे मानले पाहिजे.

त्यांच्या ८० व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. १९१९ मध्ये त्यांच्या हस्ते आरंभ झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केली.