गोधडीची मजुरी

मराठी साहित्याचा विद्यार्थी गोधडीला ओळखतो तो प्रतिमा म्हणून. गोधडी म्हटली की ऊब, ऊब म्हटली की आई किंवा आजी, आणि मग जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून उलगडत जाणाऱ्या आठवणी, हा क्रम आता इतका रूढ झाला आहे की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत तो न शिकवताही लिहितात. समीक्षेलाही गोधडी सोयीची वाटते. तुकड्या-तुकड्यांनी जुळवलेल्या रचनेला 'गोधडीसारखी' म्हटले की बरेच काही सांगितल्यासारखे होते. या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न आम्हाला कधी भेटला नव्हता, आणि आम्हीही तो वर्गात कधी विचारला नव्हता. गोधडी शिवायचे पैसे किती?

तो प्रश्न आमच्यापुढे आला तो वर्गाबाहेर. आम्हा दोघींपैकी एकीच्या घरी आजीची सुती नऊवारी लुगडी जपून ठेवलेली होती. हाताने गोधडी घालणारे घरात कुणी उरले नव्हते, म्हणून पुण्यातल्या एका पेठेत मशीनवर गोधड्या शिवून देणाऱ्या बाईंकडे आम्ही ती घेऊन गेलो. बाईंनी लुगडी उजेडात धरून पाहिली, बोटांनी ताणून पाहिली आणि एकामागून एक प्रश्न विचारले. पांघरायला की अंथरायला? मोठ्यांसाठी की बाळाचे दुपटे? धुणार कशी, हाताने की मशीनमध्ये? आणि शेवटी, "टीप कशी मारू? पट्ट्या, चौकडा की शंकरपाळी?" पट्ट्यांचा दर त्यांनी सांगितला, चौकड्याला त्याच्या दीडपट आणि शंकरपाळीला दुप्पट. "अहो ताई, नुसत्या सरळ रेघाच तर मारायच्या!" आमच्यापैकी एक बोलून गेली. बाई हसल्या, वाद घातला नाही. "मग पट्ट्याच घ्या, मॅडम," एवढेच म्हणाल्या.

घरी आल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गोधडी ९० इंच लांब आणि ६० इंच रुंद धरली. २ इंचांच्या अंतराने उभ्या पट्ट्या मारल्या तर २९ रेघा येतात, म्हणजे २६१० इंच, सुमारे साडेबहात्तर वार टीप. आता ४ इंचांचा चौकडा घेऊ. उभ्या १४ रेघा आणि आडव्या २२, मिळून २५८० इंच. म्हणजे जवळजवळ तेवढीच! ४ इंचांच्या तिरक्या रेघांची शंकरपाळीही सुमारे २७०० इंचांत बसते. रिळाच्या हिशेबाने तिन्ही नक्षींत फारसा फरक नाही. मग दर दुप्पट का?

याचे उत्तर दोऱ्यात सापडत नाही, ते हातात आहे. घरगुती मशीन जागेवर स्थिर असते आणि कापड फिरवावे लागते. पट्ट्या मारताना गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळून एकाच दिशेने पुढे सरकवता येते. चौकड्याला ती मध्येच सोडून, वळवून, पुन्हा गुंडाळावी लागते. शंकरपाळीला तर प्रत्येक रेघ कोपऱ्याच्या दिशेने जाते. गोधडीचा सगळा भार मशीनच्या हाताखालच्या अरुंद जागेतून तिरका ढकलावा लागतो. शिवाय विणलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताण सोसते, तिरके ओढले की ते लांबते. त्यातून ते जुने असेल तर थरांवर चुण्या पडतात. म्हणून आधी खडूने रेघा आखा, थर कच्च्या टाक्यांनी अडकवा, मधल्या रेघेपासून सुरुवात करून कडांकडे जा. बाईंनी सांगितलेला दुप्पट दर या सांभाळण्याचा होता. आम्ही रेघा मोजल्या होत्या, त्या वळणे मोजत होत्या.

नक्षीची निवडसुद्धा केवळ आवडीची गोष्ट नाही. टिपा फार विरळ असल्या तर धुताना आतले थर घसरून गोळा होतात. फार दाट असल्या तर गोधडी ताठ होते, आणि झिजलेल्या सुताला सुईची भोके सोसत नाहीत, ते टिपेच्या रेघेवरच फाटते. बाईंनी लुगडे उजेडात धरले ते यासाठी. आम्ही पट्ट्या घेतल्या त्या पैसे वाचवायला. बाईंच्या लेखी मात्र त्या विरलेल्या कापडाला तीच नक्षी योग्य होती. साध्या नक्षीमागेही एक वाचन असते, हे वाचन शिकवणाऱ्या आम्हाला उशिरा उमगले.

अमेरिकेत हा व्यवसाय आज चांगलाच संघटित आहे. तिथे लांब हाताची मोठी मशीन रुळांवरून फिरते आणि कापड ताणून स्थिर ठेवलेले असते. मजुरी बहुधा चौरस इंचावर ठरते. कडेपासून कडेपर्यंत एकच नक्षी असेल तर दर कमी, गिऱ्हाईकाच्या गोधडीप्रमाणे खास आखणी करायची असेल तर जास्त. आपल्याकडची हाताची गोधडी या दोन्हींहून वेगळी. तिथे कापड जमिनीवर अंथरलेले असते आणि फिरते ती बाई. कडेपासून धावदोरा घालत, चौकटीच्या आत चौकट करत, ती स्वतःच गोधडीभोवती सरकत मध्याशी पोहोचते. अर्ध्या इंचाच्या अंतराने दोरे घातले तर वरच्याच मापाच्या गोधडीला सुमारे ३०० वार धावदोरा लागतो. नऊवारी लुगड्याच्या लांबीच्या तेहतीस पट! हे अंतर सुईच्या टोकाने चालायचे.

या चालण्याची मजुरी कुठे नोंदली गेली? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'मुळे गावाच्या देण्याघेण्याची व्यवस्था आपल्या परिचयाची आहे. सुतार, लोहार, कुंभार, परीट हे बलुतेदार. शिंप्याचे नाव अलुतेदारांच्या याद्यांत येते. म्हणजे अंगरखा शिवणाऱ्याला गावाच्या हिशेबात जागा होती. साहित्यातही ती होती. नामदेवांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या एका पदात मन गज होते आणि जीभ कात्री. मोजणे, कापणे, शिवणे हा व्यवसाय थेट भक्तीच्या भाषेत आला. गोधडी घालणारी मात्र ना बलुत्यात, ना अलुत्यात. तिचे काम घरचे, कापड घरचे, वेळही घरचा. रजई किंवा गादी करवून घेतली तर कापसाचे वजन तरी होते, त्यावर भाव ठरतो. गोधडीत कापड गिऱ्हाईकाचेच असते. तिची किंमत म्हणजे जवळजवळ निव्वळ मजुरी, आणि कदाचित म्हणूनच ती किंमत मागणे इतके अवघड.

शिवणयंत्र आले तेव्हाही ही गाठ सहज सुटली नाही. १९२४ मध्ये रामचंद्रन यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात गांधीजींनी यंत्रांच्या विरोधातून सिंगरच्या शिवणयंत्राला वगळले. कारण काय दिले? पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते यंत्र शोधले! इतिहास इतका हळवा नाही. सिंगरच्या १८५१ च्या पेटंटाआधी १८४६ मध्ये एलियास हाऊ यांनी पेटंट घेतलेले होते, आणि त्यावरून दोघांत कोर्टकज्जेही झाले. तिथे हिशेब चोख होता. स्त्रीच्या शिवणाचा विषय निघाला की हिशेबाच्या जागी प्रेम कसे येऊन बसते, याचा हा एक नमुना.

पुण्यात या समजुतीला छेद देणारे कामही झाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये येथे सुरू झालेल्या सेवासदनाने शिवणकामाकडे स्त्रीच्या मिळकतीचे साधन म्हणून पाहिले. तरी घराघरांतली समजूत चिवट होती. पोलके शिवले तर शिलाई, गोधडी घातली तर 'दुपारचा वेळ जातो'. आमच्या आज्यांची दुपार अशीच 'गेली'.

प्रतिमेवर आमचा राग नाही. गोधडीत ऊब असते आणि माया असते, हे खरेच. पण मायेच्या शब्दाने मजुरीचा शब्द झाकला जातो, तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने तो उलगडून पाहायला नको काय? श्रमाच्या कवितेबद्दल आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. त्याच आपण दुकानात उभे राहून 'नुसत्या सरळ रेघा' म्हणतो.

गोधडी आणायला गेलो तेव्हा आम्ही बाईंना मागितलेले पैसे दिले, आणि आमच्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. त्यांनी गोधडी उलगडून कडेला लावलेले लुगड्याचे काठ दाखवले. चारही कोपऱ्यांवर ते नीट जुळवून बसवले होते. "याचे वेगळे धरले नाहीत," त्या म्हणाल्या. ते वेगळे धरायला हवे होते, हे आम्हाला त्या क्षणी सुचले नाही. पट्ट्या मात्र आम्ही घरी येऊन मोजल्या. २९ भरल्या.