ट्रॅक्टरचं चाक परत परत पंक्चर होतंय? आधी टायरमधला काटा शोधा

तुरीची काढणी आटोपली, कापूस वेचून झाला की रानात उरतात ती धसकटं. ऊसतोडणीही त्याच दिवसांत जोरात असते. त्यामुळे लातूर, धाराशिव, बीडच्या पट्ट्यात डिसेंबर ते मार्च हे महिने पंक्चरवाल्याच्या धंद्याचे आणि ट्रॅक्टरमालकाच्या डोकेदुखीचे. भाड्याने रोटाव्हेटर मारणाऱ्याचा ट्रॅक्टर अर्धा दिवस उभा राहिला, तर त्या दिवसाचं भाडं बुडतंच, शिवाय ज्याचं रान ठरलं होतं तो दुसरा ट्रॅक्टर बोलावून मोकळा होतो.

एखाद्या वेळी खिळा घुसला तर इलाज नाही. पण एकच चाक आठवड्यात दोनदा बसलं, तर बहुतेक वेळा पहिलं पंक्चर काढतानाच काहीतरी राहून गेलेलं असतं.

काटा आतच राहतो

बाभळीचा काटा टायर भेदून ट्यूबपर्यंत जातो आणि तिथंच मोडतो. बाहेरून काही दिसत नाही. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, ट्यूब परत आत घातली. दोन-चार किलोमीटर गेलं की तोच काटा ठिगळाच्या शेजारी नवं भोक पाडतो. मग दोष पंक्चरवाल्याला, नाहीतर सोल्युशनला.

हे टाळायची युक्ती साधी आहे. टायर खोलण्याआधी व्हॉल्व्ह जिथं आहे तिथं टायरवर खडूची खूण करावी. ट्यूब कुठल्या बाजूने बसली होती, तेही लक्षात ठेवावं. ट्यूबला भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे बघावं आणि टायरवर खुणेपासून तेवढंच अंतर मोजावं. काटा त्याच जागी असतो. शोधताना बोट फिरवू नये, काटा किंवा तार सरळ नखात जाते. सुती फडकं फिरवावं. जिथं धागा अडकेल तिथं काटा. पक्कडीने तो पूर्ण ओढून काढावा आणि मग सगळ्या टायरमधून आणखी एकदा फडकं फिरवावं. धसकटाच्या रानातून आलेल्या टायरमध्ये एकच काटा असेल असं समजू नये.

ट्यूबचंही तसंच. पाण्यात एक बुडबुडा दिसला की तपासणी थांबवतात. लांब काटा ट्यूबच्या आरपार जाऊन दुसऱ्या बाजूलाही भोक पाडतो, म्हणून ट्यूब पूर्ण फिरवून बघावी. व्हॉल्व्हच्या मुळाशीही पाणी टाकावं. तिथं फाटलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही, नवी ट्यूबच घ्यावी लागते.

ठिगळ लावताना घाई नडते. जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून खडबडीत करायची, पुसायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि ते ओलं न राहता बोटाला हलकं चिकटेल इतकं सुकू द्यायचं. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेलं ठिगळ ऊन आणि ओझं लागलं की सरकतं. टायरला आतून मोठा चिरा असेल तर नुसत्या ठिगळाने भागत नाही. चिऱ्यातून ट्यूब बाहेर डोकावते आणि फुटते. तिथं आतून गेटर लावून घ्यावा आणि अशा टायरने रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढू नये. ट्यूब आत घालताना थोडं शंखजिरं लावलं तर ट्यूब टायरला चिकटत नाही आणि घडी पडत नाही. दुसऱ्या मापाची जुनी ट्यूब 'चालून जाईल' म्हणून घालण्याचा उद्योग मात्र टाळावा. मोठी ट्यूब घडी पडून कापते, लहान ताणून पातळ होते.

हवा कमी, तर व्हॉल्व्ह तुटतो

मागच्या चाकात हवा कमी ठेवली की पकड चांगली मिळते, हे खरं आहे. पण त्यालाही हद्द आहे. हवा फार कमी असली की नांगर ओढताना रिम फिरते आणि टायर जागेवर राहतो. ट्यूब टायरसोबत, व्हॉल्व्ह रिमसोबत. मधल्या मधे व्हॉल्व्हचं मूळ फाटतं. हे ओळखण्यासाठी टायर आणि रिम दोन्हीवरून जाणारी एक सरळ रेघ रंगाने मारून ठेवावी. दिवसभराच्या कामानंतर रेघ तुटलेली दिसली, म्हणजे टायर सरकतोय.

सर्वसाधारण ट्रॅक्टरला मागे 13.6-28 आणि पुढे 6.00-16 मापाचे टायर असतात. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. मागच्या चाकाला रानात साधारण 12 ते 16 पौंड हवा आणि पुढच्याला त्याच्या जवळपास दुप्पट, असा अंदाज धरतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. टायरवर लिहिलेला आकडा हा जास्तीत जास्त हवेचा असतो, रोज तेवढी भरायची असं नाही. ट्रॉलीच्या टायरला बरीच जास्त हवा लागते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा हिशेब ट्रॉलीला लावला तर उसाच्या ओझ्याखाली टायर चेपतो, तापतो आणि बाजूने फुटतो. हवा सकाळी, चाक थंड असताना मोजावी. लाथ मारून हवा ओळखणारे गावोगाव आहेत, पण 12 आणि 8 पौंडातला फरक लाथेला कळत नाही. मीटर स्वतःचा ठेवावा, तो ट्यूबच्या मानाने स्वस्त पडतो.

वजनासाठी मागच्या चाकात पाणी भरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्ह वर ठेवून त्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायर साधारण 75 टक्के भरतो. 13.6-28 च्या टायरमध्ये दीडशे लिटरच्या पुढे पाणी मावतं, म्हणजे चाकाच्या वजनावर आणखी दीडशे किलोंहून जास्त. असं चाक खोलताना कलंडलं तर दोन माणसांना आवरत नाही. आधी चाक उचलून, व्हॉल्व्ह खाली आणून पाणी काढावं, मगच नटांना पाना लावावा.

धसकटाच्या रानात शिरताना

विळ्याने तिरकी कापलेली तूर वाळली की खुंट भाल्यासारखा होतो. त्यापेक्षा धसकटं उपटून काढलेली बरी. ते जमत नसेल तर श्रेडर मारून बारीक करावीत. तेही नसेल तर पहिली पाळी ओळींच्या मधून चाकं जातील अशी घ्यावी, आडवी घेऊ नये. धसकटं ओलाव्यात महिनाभर पडून मऊ झाली की धोका बराच उतरतो, पण रब्बीची घाई असलेल्याला ते परवडत नाही. बांधावरच्या बाभळी छाटल्या तर फांद्या वाटेवर पडू देऊ नयेत. ऊस कारखान्याच्या रस्त्यावर बैलांच्या नालेचे खिळे पडलेले असतात. तिथून आल्यावर चाकांवर एक नजर टाकावी. खिळा दिसला तर तिथल्या तिथे उपटू नये, दुकानाजवळ आल्यावर काढावा.

टायरमध्ये भरायचं सीलंट जेल बारीक काट्यांना उपयोगी पडतं. ट्यूब फाटली किंवा टायर बाजूने चिरला तर त्याचा उपयोग नाही. जेल भरलेलं असेल तर टायर खोलण्याआधी पंक्चरवाल्याला सांगावं.

इथं जीव जातो

टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग करू नये. हवा काढलेली असली तरीही नाही. आतल्या रबरातून, ग्रीसमधून किंवा जेलमधून उष्णतेने पेट घेणारा वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. वेल्डिंग करायचंच असेल तर टायर पूर्ण उतरवून.

टायर खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी. परत हवा भरताना टायरची कड रिमवर बसत नसेल तर हवा वाढवत जाऊ नये. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला यासाठी 35 पौंडांच्या वर कधीच जायचं नाही. कड नाही बसली तर हवा सोडावी, कडेला साबणाचं पाणी लावावं आणि परत भरावं. भरताना चाकाच्या समोर बसू नये, टायरच्या नक्षीच्या बाजूला उभं राहावं. पेट्रोल टाकून पेटवून कड बसवण्याचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात, ते बघून कुणी तसं करू नये.

जॅक लावण्याआधी ट्रॉली सोडावी, ट्रॉलीवरची माणसं उतरवावीत, बाकीच्या चाकांना मागंपुढं दगड लावावेत. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. जॅकखाली फळी हवी, आणि उचलल्यावर ॲक्सलखाली लाकडाचा ठोकळा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली हात घालू नये. चाक बसवून तासभर काम झालं की नट पुन्हा आवळावेत.

रात्री रस्त्यावर उसाची ट्रॉली बसली तर आधी तिच्या मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन कडेला उभा करावा. पंक्चरवाल्याला फोन त्यानंतर. अंधारात उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ आल्यावर दिसते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि इतर कुठेही 112 ला फोन करता येतो. आणि चाकांना लावलेले दगड काम झाल्यावर उचलून रस्त्याच्या पार कडेला टाकावेत. ट्रॅक्टर निघून जातो, दगड तिथंच राहतात, आणि पहाटे दूध घेऊन निघालेल्याची गाडी त्यावर जाते.