बाळंतिणीचे बेचाळीस दिवस

प्रसूतीनंतरचे ४२ दिवस म्हणजे सूतिकाकाल. सव्वा महिन्याची विश्रांती, तेलमालिश, शेकशेगडी, अळीव-डिंकाचे लाडू ही मराठी घरांतील या काळाची परंपरागत तजवीज. हातावर पोट असलेल्या बाळंतिणीला मात्र ही विश्रांती क्वचितच लाभते. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावांत म्हणूनच आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी मोलाच्या ठरतात. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी, तर घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही भेट ठरलेली असते. आदिवासी क्षेत्रासाठी २०१५ मध्ये अमृत आहार योजना सुरू झाली. तीत स्तनदा मातेस सहा महिने एक वेळचा चौरस आहार देण्याची तरतूद आहे. पहिले चीकदूध टाकून देण्याची रूढी घातक असून ते बाळास तासाभरात पाजावे. अतिरक्तस्राव, ताप वा झटके आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.