खांदेरीचे अनामिक माहीतगार

म्हसावदपासून समुद्र दूर. तथापि ज्या तापीमाईचे स्नान आपण प्रकाशे येथे करतो, ती पुढे सुरतेपाशी समुद्रास मिळते. त्याच सुरतेतील इंग्रजांच्या वखारीस सन १६७९ मध्ये एका लहानशा बेटाने चिंतेत टाकले. ते बेट खांदेरी होय.

मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोरील या खडकावर शिवछत्रपतींनी त्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर तटबंदीस आरंभ केला. तेथील कामगिरी मायनाक भंडारी यांजकडे होती. मुंबईस येणारी-जाणारी जहाजे या बेटावरून न्याहाळता येत. म्हणजे खांदेरी हा जसा किल्ला, तसाच शत्रूवर ठेवलेला डोळाही होता. हे ओळखूनच इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली.

बातमी इंग्रजांसही मिळत असे. परंतु मुंबईकरांचे वरिष्ठ सुरतेस. ती कागदावर चढून तिकडे जाई व हुकूम होऊन परत येई, तोवर दिवस निघून जात. उलट मराठ्यांची माहिती नावाड्यांच्या अंगी मुरलेली होती. भरती केव्हा, उथळ पाणी कोठे, वारा कधी पडतो, हे त्यांस ठाऊक. वारा पडला की इंग्रजांची शिडाची जहाजे जागीच खिळत, आणि वल्ह्यांच्या लहान होड्या अंधारातून रसद घेऊन बेटावर पोहोचत.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला केला. इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागले. मात्र ‘रिव्हेंज’ने मारा करून मराठी गलबतांस मागे हटविले. त्या दिवशीची चकमक निर्णायक ठरली नाही; रसद चालू राहिली, ती निर्णायक ठरली. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह करून नाकेबंदी उठविली.

इंग्रजांचे कागद राहिले; त्यांच्या कप्तानांची नावे राहिली. बहिर्जी नाईकांचे नाव बखरीने राखले. त्या नावाड्यांचे नाव कोण घेतो? आम्हीही वर्गात मुलांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, पण त्यांच्याविषयी चकार शब्द काढला नाही, ही आमची चूक आम्ही येथे कबूल करतो.

ज्ञातिबंधूंनो, तापीचे उतार आणि सातपुड्याच्या वाटा जाणणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांचे सांगणे त्यांच्या नावानिशी आजच वहीत उतरवून ठेवा.